‘तुम्हीच बांधली का?’ या प्रश्नाला काय उत्तर देऊ

वाचकाचं पत्र:

ताई, मी मूळचा मिरजेचा, गेली बावीस वर्षं शिकागोजवळ राहतो, वय ५४. सांगलीला इंजिनिअरिंगला असताना रद्दीच्या दुकानात एक अमेरिकन गाड्यांचं मासिक मिळालं होतं, कव्हर फाटलेलं, आत एका काळ्या १९३२ फोर्डचा दोन पानभर फोटो. ते पान कापून ठेवलं, अजून माझ्याकडे आहे. गेल्या सप्टेंबरात शेवटी गाडी घेतली. १९३२ ची फोर्ड, फाइव्ह विंडो कूप (दोन दारांची, पुढची काच सोडून पाच काचांची), बॉडी स्टीलची, शेव्हीचं म्हणजे शेव्हरोलेचं ३५० घनइंचाचं इंजिन, ऑटोमॅटिक. आधीच्या मालकाने नव्वदच्या दशकात बांधलेली, त्यामुळे बिलेटची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कापलेली, चकचकीत चाकं, आत राखाडी ट्वीड, डिजिटल मीटर. माझ्या पानावरची गाडी अशी नव्हती. मला छप्पर तीन इंच कापायचंय, म्हणजे खांब कापून तेवढं खाली आणायचंय, फोर्डचं जुनं फ्लॅटहेड इंजिन बसवायचंय, स्टीलची चाकं लावायचीत. वडील मिरजेत ट्रक रंगवायचे, आता ८२ चे आहेत, त्यांच्या हातची बॉर्डर गाडीवर कुठेतरी यावी असंही मनात आहे. पण हिवाळाभर नुसत्या याद्या केल्या. दोनदा क्रूझ नाइटला, म्हणजे हौशी लोक संध्याकाळी आपापल्या गाड्या घेऊन जमतात तिथे, नेली होती, दोन्ही वेळा पहिलाच प्रश्न, तुम्हीच बांधली का? नाही म्हटलं की समोरचा ‘नाइस कार’ म्हणून पुढे सरकतो. फार लागलं मनाला. एकाने सांगितलं चांगली बांधलेली गाडी आहे, हात लावू नका. दुसरा म्हणाला सगळी उघडा आणि पहिल्यापासून बांधा, तरच तुमची. बायको म्हणते आधी ती चालवा तरी. कुठून सुरुवात करू?

उत्तर:

प्रिय भाऊ,

आधी मनापासून अभिनंदन. चौतीस वर्षं एक कापलेलं पान जपणं, त्यात देश बदलला, घरं बदलली असतील, मुलं मोठी झाली असतील आणि तरी ते पान सापडतंय म्हणजे ही हौस साधी नाही, त्यामुळे मी उत्तरही तेवढ्याच गांभीर्याने देतेय.

सगळ्यात आधी ज्याची मला भीती वाटतेय ते सांगते. गाडी उघडू नका. सगळी उघडा म्हणणाऱ्याचं अजिबात ऐकू नका. आम्ही ओहायोत राहतो, आमची १९३१ ची मॉडेल ए कूप आहे आणि ती आम्ही २००४ च्या उन्हाळ्यात ‘नीट करायची’ म्हणून उघडली, फेंडर काढले, बॉडी फ्रेमवरून उचलली, वायरिंग उपटलं, एका हिवाळ्यात होईल असं दोघांनाही अगदी खरंच वाटत होतं. ती पुन्हा रस्त्यावर आली २०१० मध्ये. उघडली तेव्हा मुलगा आठवीत होता आणि त्याला शेजारच्या सीटवर बसवून आइस्क्रीम खायला न्यायचं हेच तर आमचं स्वप्न होतं, गाडी चालू झाली तेव्हा तो कॉलेजच्या होस्टेलवर होता. ती सहा वर्षं मला अजून सलतात. विकायला निघालेल्या हॉट रॉडच्या, म्हणजे अशा बदल करून बांधलेल्या जुन्या गाड्यांच्या, जाहिराती वाचा, ‘नव्वद टक्के काम झालेलं, फक्त जोडायची बाकी’ अशा किती सापडतील, त्या प्रत्येकीच्या मागे असाच एखादा माणूस असतो ज्याने चालती गाडी उघडली होती.

तुमची गाडी चालते. स्टार्ट होते, गिअर पडतात, क्रूझ नाइटला जाऊन घरी परत येते. हे लाख मोलाचं आहे आणि ते घालवू नका. म्हणजे नियम एकच ठेवा, एका वेळी एक काम, आणि ते काम झालं की किमान दोन-तीन वीकेंड गाडी चालवायची, मगच पुढचं. वहिनी बरोबर सांगतायत.

आता तो प्रश्न. तुम्हीच बांधली का. इकडे कित्येक गाड्यांच्या मागे ‘बिल्ट, नॉट बॉट’ असा स्टिकर असतो आणि तो वाचला की विकत घेणाऱ्याला आपण काहीतरी चोरी केल्यासारखं वाटतं, हे मी समजू शकते. पण जरा मागे जाऊन बघा. १९३२ मध्ये फोर्डने सामान्य माणसाला परवडेल असं पहिलं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, आणलं, तेच हे फ्लॅटहेड, २२१ घनइंच, ६५ हॉर्सपॉवर, आणि काही वर्षांत त्या गाड्या जुन्या बाजारात स्वस्त झाल्या, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या विशीच्या पोरांनी त्या घेतल्या. घेतल्याच ना! वजन कमी करायला फेंडर काढले, मिळेल तिथून दुसऱ्या गाडीचे पार्ट आणले, आणि मोहावीच्या वाळवंटातल्या म्युरॉक आणि एल मिराज अशा कोरड्या तलावांवर नेऊन पळवल्या. १९३७ मध्ये या पोरांच्या क्लबांनी मिळून एससीटीए (सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन) ही संघटना काढली, युद्धानंतर १९४८ च्या जानेवारीत हॉट रॉड मासिकाचा पहिला अंक आला, १९४९ ला युटातल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर वेगाच्या शर्यतींचा पहिला स्पीड वीक झाला. तुमच्या हातातलं ते पान या सगळ्याच्या कितीतरी नंतरचं. या पूर्ण साखळीत एखादी गाडी एकाच माणसाने बांधली आणि शेवटपर्यंत त्याच्याकडेच राहिली असं फार कमी वेळा झालंय, एकाने इंजिन टाकलं, दुसऱ्याने ब्रेक बदलले, तिसऱ्याने रंग दिला. आणि तुमच्या गाडीला मूळ ब्रेक होते तसेच असते तर आज तुम्ही ती हायवेला नेऊच शकला नसता, कारण फोर्डने १९३८ पर्यंत सळ्यांवर किंवा केबलवर चालणारे मेकॅनिकल ब्रेक दिले, ३९ ला हायड्रॉलिक आले आणि रॉडर लोकांनी लगेच ते काढून १९३२ च्या गाड्यांना लावायला सुरुवात केली. बदलत राहणं हाच या गाडीचा स्वभाव आहे. त्यामुळे ‘हात लावू नका’ हे म्हणणंही मला पटत नाही. ती जर १९५० च्या आसपास कुणीतरी बांधलेली, फोटो-कागदपत्रांसकट जशीच्या तशी राहिलेली गाडी असती तर मीच तुमचे हात धरले असते, कारण तशा गाड्या आता बोटावर मोजण्याएवढ्या उरल्यात. तुमची तशी नाही. नव्वदच्या दशकातली चांगल्या माणसाने मन लावून बांधलेली स्ट्रीट रॉड आहे, तिचा मान ठेवा, काढलेला प्रत्येक पार्ट चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवा, फोटो काढून ठेवा, आणि खुशाल बदला.

उत्तर काय द्यायचं म्हणाल तर सरळ सांगा, अमुक माणसाने बांधली, मी सप्टेंबरात घेतली, आणि आता हे एवढं मी केलंय. हे ‘एवढं’ हाताने दाखवता आलं पाहिजे, मग ते सीटचं ब्रॅकेट का असेना. माझा अनुभव सांगते, त्या एका ब्रॅकेटवरून समोरचा माणूस पुढे न सरकता खाली वाकून बघतो, आणि मग अर्धा तास तिथेच जातो.

तर सुरुवात. येत्या शनिवारी गाडी धुवायला काढाल तेव्हा पहिलं काम टायरचे आकडे बघायचं. टायरच्या बाजूला डीओटी लिहिलेलं असतं, त्या ओळीच्या शेवटी (२००० पासूनच्या टायरला) चार आकडे, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २३०९ असेल तर २००९ सालचा तेविसावा आठवडा. बऱ्याच हॉट रॉड वर्षभरात फारशा चालत नाहीत त्यामुळे नक्षी नव्यासारखी दिसते आणि रबर आतून वाळलेलं असतं, कधीकधी ते आकडे बाहेरच्या बाजूला नसतातच, गाडीखाली झोपून आतल्या बाजूने बघावे लागतात, तेही बघा. दहा वर्षांच्या वरचे असतील तर नवीन आल्याशिवाय हायवेला नेऊ नका.

दुसरं ब्रेक. या गाड्यांमध्ये मास्टर सिलिंडर बहुतेक वेळा पायाखाली फ्रेमला लावलेला असतो, म्हणजे चाकाजवळच्या कॅलिपरपेक्षा खाली, त्यामुळे गाडी उभी असताना ब्रेक ऑइल हळूहळू उतरून मागे येतं. ते अडवायला लाइनमध्ये छोटे व्हॉल्व्ह लागतात, डिस्कसाठी २ पीएसआयचा आणि ड्रमसाठी १० चा. ओळखायचं कसं तर सकाळी पहिल्यांदा पेडल दाबलं की खोल जातं आणि लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर कडक लागतं, असं होत असेल तर तो व्हॉल्व्ह नाहीये किंवा गेलाय. मास्टर सिलिंडर दोन भागांचा आहे का तेही बघा, एकाच भागाचा जुना असेल तर एक लाइन फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. आणि ऑइल बदलूनच टाका, ते हवेतलं पाणी ओढतं.

सीटबेल्ट कुठे बोल्ट केलेत ते सीट काढून बघा, नुसत्या पातळ फ्लोअरला असतील तर ते काम सगळ्यात आधी, फ्रेमला किंवा मोठ्या पट्टीला पकडलेले पाहिजेत. स्टिअरिंगच्या प्रत्येक नटाला कॉटर पिन आहे का, पेट्रोलचे रबरी पाइप दाबल्यावर तडकतात का, वायर पत्र्यातून जिथे जाते तिथे रबरी ग्रोमेट आहे का. हे सगळं एकट्याने नका करू, ओळखीचा कुणी अनुभवी माणूस बोलवा, त्याला जेवायला घाला. आमच्याकडे निम्म्या ओळखी अशाच झाल्या.

कागदाचं एकच सांगते. टायटलवरचा, म्हणजे मालकीच्या कागदावरचा, नंबर आणि फ्रेमवरचा नंबर जुळतो का ते बघून घ्या, ३२ ला तो डावीकडच्या फ्रेम रेलवर वरच्या बाजूला ठोकलेला असतो आणि त्यातला काही बॉडीखाली झाकला जातो. आणि इन्शुरन्स ‘अग्रीड व्हॅल्यू’ चा घ्या, म्हणजे रक्कम आधीच ठरलेली, नाहीतर अपघातानंतर कंपनी नव्वद वर्षांची जुनी गाडी म्हणून भाव करायला बसते.

आता तुमच्या मनातल्या बदलांकडे. तुमची यादी वाचली तर सगळं बाहेरून दिसणारं आहे, छप्पर, इंजिन, चाकं. साहजिक आहे, तुम्ही चौतीस वर्षं ती गाडी फोटोत बाहेरूनच बघितलीत. पण मालक गाडी आतून बघतो. म्हणून माझं म्हणणं आहे की जिथे तुमचं अंग गाडीला लागतं तिथून सुरू करा, सीट, स्टिअरिंग, पेडल. ३२ ची कूप आतून लहान असते हो, आणि आधीच्या मालकाने सीट त्याच्या मापाने बसवली असणार. तासभर चालवल्यावर कुठे दुखतं ते बघा, गुडघा स्टिअरिंग कॉलमला लागतो का, ब्रेक दाबायला पाय उचलावा लागतो का. सीट एक इंच मागे किंवा खाली नेणं हे घरच्या ड्रिलने आणि चार बोल्टने होणारं काम आहे, वेल्डिंग नको, आणि तेच ते ‘एवढं मी केलंय’ मधलं पहिलं. ट्वीड त्याच वेळी जाऊ दे. आणि चाळीस सालच्या फोर्डसारखं मोठं स्टिअरिंग व्हील मिळतं ते बसवा. गाडीत बसल्या बसल्या दर क्षणाला हातात काय असतं? तेच ना. मग पैसे आधी तिथे घाला.

मग चाकं. हा सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त दिसणारा बदल आणि पूर्ण मागे फिरवता येणारा. स्टीलची चाकं, छोटी हबकॅप आणि रिंग, गाडी एका दुपारीत चाळीस वर्षं मागे जाते. पण ऑर्डर देण्याआधी पुढच्या आणि मागच्या बोल्टचं वर्तुळ मोजा. जुन्या फोर्डला पाच बोल्ट साडेपाच इंचाच्या वर्तुळावर असतात आणि शेव्हीच्या एक्सलला पाच बोल्ट पावणेपाच इंचावर, आणि अशा गाडीत पुढे एक आणि मागे दुसरं असू शकतं. पुढे डिस्क असतील तर कॅलिपर स्टीलच्या चाकाच्या आत बसतोय का ते एक चाक उसनं आणून लावून बघा. टायर जुन्या पद्धतीचे बायस प्लाय घ्यायचा मोह होईल, दिसतात सुंदर, पण रस्त्याला चर असला की गाडी त्या चराच्या मागे जाते आणि शिकागोचे रस्ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. तसेच दिसणारे रेडियल मिळतात, ते घ्या.

फ्लॅटहेडचं मात्र मी थांबा म्हणेन. त्याचा आवाज, ते दिसणं, मला स्वतःला फार आवडतं. पण त्या इंजिनात व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असतात आणि जळालेला धूर बाहेर पडायला ब्लॉकच्या पोटातूनच जातो, पाण्याला खेटून, त्यामुळे ते तापतं, आणि तापलं की व्हॉल्व्ह आणि सिलिंडरच्या मधे तडे जातात. चांगला ब्लॉक शोधायचा, मॅग्नाफ्लक्स करून तडे तपासायचे, मग मशीनिंग, मग त्याला जुळणारा गिअरबॉक्स, म्हणजे गाडी उघडली की नाही? तुमचं ३५० जुलैच्या ट्रॅफिकमध्ये निवांत उभं राहतं आणि त्याचा पार्ट रविवारी सकाळीही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. आणि फोर्डमध्ये शेव्हीचं इंजिन म्हणून कमीपणा वाटून घेऊ नका, १९५५ ला शेव्हीने स्मॉल ब्लॉक आणलं तेव्हापासून रॉडर लोक तेच करत आलेत, ती स्वतःच एक परंपरा झाली. वरचं बिलेटचं एअर क्लीनर काढा, जुन्या धाटणीचे रेघांचे व्हॉल्व्ह कव्हर लावा, हे तुमच्या हाताने होईल. फ्लॅटहेडची ओढ दोन उन्हाळ्यांनंतरही राहिली तर गॅरेजच्या कोपऱ्यात स्टँडवर ते वेगळं बांधा, गाडी तोवर चालू राहू दे.

आणि छप्पर. हे परत न फिरणारं काम आहे, त्यामुळे इथे मी अगदी कडक बोलणार. छप्पर कापलं की खांब तिरके असल्यामुळे वरचा भाग खालच्यावर नीट बसत नाही, कुठे ओढावा लागतो कुठे जोड द्यावा लागतो, दारं, काचेच्या फ्रेम, आतल्या पट्ट्या, सगळ्याला कापाकापी, आणि काचा लॅमिनेटेड असतील तर कापता येतात, टेंपर्ड असतील तर नव्याच करायच्या. उत्तम कारागिराचं काम आहे आणि त्याच्या दुकानात गाडी किती महिने पडून राहील हे तो सांगेल त्यावर जाऊ नका. त्याआधी एक करा. तीन इंच जाडीचा फोम आणून सीटवर ठेवा आणि त्यावर बसून डोकं छताला लागतंय का बघा, मग फोम काढून विंडशील्डच्या वरच्या बाजूला आतून तीन इंच मास्किंग टेप लावा. रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये गाडी हळू फिरवा, उंचावरचा सिग्नल बघायला मान किती खाली घालावी लागते, ते कळेल. सीट खाली नेऊन काही भरपाई होते, सगळी नाही. इतकं करूनही पुढच्या वर्षी हवंच वाटलं तर करा, तुमची गाडी आहे. पण यंदा नाही.

शेवटचं वडिलांच्या बॉर्डरचं, जे तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलंत आणि मला वाटतं सगळ्या यादीत सगळ्यात मोलाचं तेच आहे. डिजिटल मीटरचं पॅनेल काढून त्या जागी साधे गोल काट्यांचे मीटर येतील, मूळ ३२ ला डॅशच्या मधोमध लंबगोल पॅनेल असायचं, तसं. त्याच्या दोन्ही बाजूंना लांब मोकळा पत्रा उरतो. तिथे. इकडे हॉट रॉडवर पिनस्ट्राइप, म्हणजे बारीक रेघांची नक्षी, मारतात, तलवारीसारखा वळलेला लांब केसांचा ब्रश असतो, इनॅमल रंग, आणि एका दमात रेघ ओढायची. ट्रकवर बॉर्डर मारणाऱ्या माणसाला यात नवीन काहीच नाही, हात तोच. इकडचे पेंटर मोठी नक्षी उतरवताना कागदावर काढतात, रेघेवरून बारीक भोकं पाडतात आणि त्यावरून खडूच्या भुकटीची पुरचुंडी हलकेच आपटत जातात, की खाली ठिपके उमटतात. मिरजेत तुमचे वडीलही असंच करत असतील, विचारून बघा, कापडाची पुरचुंडी कशी बांधायची ते तेच तुम्हाला सांगतील.

डॅशची लांबी-उंची मोजा, वळण कुठे येतं ते वर्तमानपत्रावर गिरवून घ्या, त्याचा फोटो मापासकट वडिलांना व्हॉट्सअॅपवर पाठवा आणि त्यांना खऱ्या मापात कागदावर काढायला सांगा, हात थरथरत असेल तरी चालेल, तशीच घ्या, सरळ करत बसू नका. कागद पोस्टाने मागवा. तो येईपर्यंत एका जुन्या काचेवर रोज संध्याकाळी वीस-वीस रेघा ओढा, पुसा, परत ओढा. डॅशवर रंग तुम्ही स्वतः लावायचा, इकडच्या पेंटरला द्यायचा नाही. त्या दिवशी व्हिडिओ कॉल लावून फोन वडिलांना दिसेल असा ठेवा, चुकलं तर ते ओरडतील तिकडून.

तिकडे आत्ता सकाळ असेल तर फोन करून टाका, माप उद्या घ्या.

तुमची,
ताई